ऐब सकाळी सांगायचा

रंगनाथकाका तामीरातमध्ये, म्हणजे निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात, ओव्हरसीअर होते. नांदेडला वजिराबादेत आमच्या शेजारी राहत. त्यांच्याकडे एक सायकल होती, तीही सरकारी. मोटार त्यांनी जन्मात घेतली नाही. तरीसुद्धा नांदेडपासून लातूरपर्यंत कुणा जागीरदारानं, देशमुखानं किंवा जिनिंगवाल्या शेठनं नवी मोटार आणली, की ती आधी रंगनाथकाकांनी चालवून बघायची असा रिवाज पडून गेला होता.

साध्या घरगुती मोटारीत त्यांना रस नसे. "चार चाकं आहेत, वर टप आहे, माणसं बसतात. अजून काय बघायचं?" असं म्हणून ते सुटका करून घेत. पण बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची, वेगासाठी केलेली गाडी स्टेशनात उतरली असं कानावर आलं की दुपारच्या झोपेतून उठून बसत. आमच्याकडे अशा गाडीला शौकाची मोटार म्हणत. लढाई लागायच्या आधीच्या त्या वर्षांत अशा मोटारी आणणाऱ्यांची एक टूमच निघाली होती. मुंबईला किंवा हैदराबादेला बघायच्या आणि रेल्वेनं इकडे आणायच्या. इकडे रस्ते बैलगाड्यांचे, पण हौसेला कोण अडवणार?

त्यांना हे कुठून आलं, तर हैदराबादेतून. शिकत असताना एका अमिराच्या मोटारखान्यावरच्या खोलीत त्यांची राहायची सोय झाली होती. खाली उभी असलेली प्रत्येक गाडी त्यांनी कधी ना कधी चालवली. परीक्षेत दुसरा वर्ग मिळाला तो त्यामुळेच, असं काकू म्हणायच्या.

गाडी चालवून बघायची त्यांची पद्धत ठरलेली होती. शेरवानीची वरची दोन बटणं सोडायचे, जोडे घरीच ठेवायचे आणि अनवाणी बसायचे. ब्रेकचं आणि क्लचचं खरं-खोटं तळव्याला कळतं, मधे चामडं कशाला, असा त्यांचा सवाल. मालकाला शेजारी बसू देत नसत. "मालक बसला की माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे जातं." मग स्टेशनवरून, नदी ओलांडून लोह्याच्या रस्त्याला लागायचे. त्या रस्त्यावर एक तुकडा असा होता, की सायकलस्वारसुद्धा उतरून चालत. गंमत म्हणजे तो तुकडा काकांच्याच हाताखाली होता.

"रस्ता सरकारचा, पण खड्डे आमच्या घरचे," काकू आमच्या आईला सांगायच्या. "बुजवायला निघतात, तेवढ्यात कुणाची तरी मोटार येते. मग म्हणतात, एवढी बघून होऊ दे."

खड्ड्यांवर ते गाडीच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, बघत. उतारावर ब्रेक बघत. चढावर मुद्दाम थांबवून पुन्हा सुरू करत. मग टप काढून एकदा, लावून एकदा. घामानं थबथबलेले, धुळीनं माखलेले परत येत, तेव्हा त्यांच्याकडे बघवत नसे आणि ते मात्र कमालीचे खूश असत.

यानंतर जो भाग येई तो महत्त्वाचा. गाडी आली की मालकाच्या दारात बैठक बसायची. सगेसोयरे, मुनसफ, तहसीलदार, गावातली चार मोठी माणसं. हार घातलेले, अत्तर लावलेलं, पानाचं तबक फिरतंय. काका येऊन बसत, पाणी पीत, आणि गाडीच्या खुब्या सांगत. फक्त खुब्या. इंजिनाचा ओढा कसा आहे, स्टिअरिंग किती हलकं, वळणावर गाडी जमीन कशी धरून राहते. माणसं "वा, वा" करत. दोषाचा एक शब्द निघत नसे. दोष सांगायला ते दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाकडे एकटे जात. मालकही तेव्हा बाकीच्यांना बाहेर घालवी. सगळं सांगून झाल्याशिवाय काका चहाला हात लावत नसत. खुबी बैठकीत, ऐब सकाळी, असं ते म्हणायचे. ऐब म्हणजे दोष, खोट. बैठकीत, पाहुण्यांदेखत, माणसाच्या नव्या वस्तूला नाव ठेवणं म्हणजे त्याची पगडी उतरवणं. मग ती वस्तू शाल असो, घोडा असो की जावई. हा नियम काकांनी काढलेला नव्हता. आमच्याकडे सगळेच तो पाळत. काका तो जरा जास्त नेटका पाळत, इतकंच.

आणि त्याचा फायदाही होता. सकाळी एकांतात सांगितलेला दोष माणसं ऐकून घेत. लातूरच्या एका शेठजींनी लांबलचक बॉनेटची एक गाडी आणली होती. बैठकीत काकांनी तिचं इतकं कौतुक केलं की शेठजींनी दुसऱ्यांदा पेढे वाटले. सकाळी काका गेले.

"शेठजी, गाडी उत्तम आहे. वळणाला उत्तम, चढाला उत्तम. एकच ऐब आहे."

"बोला."

"तुम्ही तिच्यात बसला की स्टिअरिंग पूर्ण फिरत नाही. पोटाला अडतं."

शेठजींनी आपल्या पोटाकडे बघितलं. मग म्हणाले, "यात गाडीचा ऐब कुठला आला?"

"आता दोघांतलं एक बदला. कुठलं ते तुम्ही ठरवा."

शेठजी हसत सुटले. गाडी त्यांनी पुतण्याला दिली. ही गोष्ट त्यांनी स्वतःच लातूरभर केली. काकांनी कधी केली नाही. हीच गोष्ट बैठकीत झाली असती तर शेठजींनी त्यांचं तोंड पाहिलं नसतं.

मला एकदा त्यांनी शेजारी बसवलं होतं. मालक आमच्या वडिलांचे पक्षकार, आणि मी परकरी पोर, त्यामुळे कुणाच्या तोंडाकडे बघायचा प्रश्न नव्हता. परत आल्यावर मला विचारलं, "काय वाटलं?"

"मजा आली."

"कशाची? इंजिनाची, वाऱ्याची, की घरच्यांनी बघितलं त्याची?"

मी विचार करून म्हटलं, "घरच्यांनी बघितलं त्याची."

"शाब्बास. शंभरातल्या नव्वद मोटारी त्यासाठीच घेतात," ते म्हणाले. "पण हे कुठल्या सकाळी सांगायचं, ते मला अजून कळलेलं नाही."

आता माधवरावांचं सांगायला हवं. त्याशिवाय काकांचं सांगणं पुरं होत नाही.

आमच्या समोरचं घर देशमुखांचं. जमीन लोह्याकडे, पण कोर्टकचेरीसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी नांदेडला बिऱ्हाड. थोरले देशमुख, म्हणजे दादासाहेब, कमी बोलणारे, ताठ बसणारे. माधवराव त्यांचा एकुलता मुलगा. हसरा, उतावळा, सगळ्यांचा लाडका. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. बायको लातूरची, माहेरी गेलेली. त्यांनी गडद हिरव्या रंगाची एक विलायती दोन आसनी गाडी आणली. पुढची काच आडवी पाडता येई, चाकांना सायकलीसारख्या तारा होत्या. गल्लीतली पोरं तर सोडाच, आमच्या आईसारखी बाईही दोनदा खिडकीत येऊन गेली.

काका सकाळी ती घेऊन गेले ते दुपारी उगवले. एवढा वेळ त्यांनी कुठल्याच गाडीला दिला नव्हता. देशमुखांच्या अंगणात बैठक भरली होती. आमच्या माडीच्या खिडकीत मी, आई आणि काकू होतो. तिथून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

काका बोलायला लागले आणि थांबेचनात. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ही गाडी पायाला आधी कळते आणि मग डोक्याला, म्हणाले. खड्ड्यावरून जाते तेव्हा खड्डा लपवत नाही, पण त्रासही देत नाही. मनात वळायचं आलं की वळलेली असते. "दादासाहेब, हैदराबादेत मी अमिराच्या गाड्या चालवल्या. त्यातली एकही हिच्या जोडीला उभी राहत नाही." बैठक खूश झाली. दादासाहेब हसले. ते हसलेले आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

काकू मात्र माझ्या कानाशी म्हणाल्या, "यांनी पाणी घेतलं नाही बघ. काहीतरी आहे."

तेवढ्यात माधवराव उठले. "काका, तुम्ही एवढं म्हणता, मग आता राहवत नाही. निघतोच लातूरला. सासऱ्यांना दाखवतो आणि उद्या हिला घेऊन येतो."

"आज?" काका म्हणाले.

"आत्ता. दिवस आहे तोवर पोचतो."

"उद्या निघा की. सकाळी मी येणारच आहे तुमच्याकडे. जरा बोलू, मग जा."

"उद्या परत येताना बोलू ना."

"मग असं करा, मी येतो बरोबर लातूरपर्यंत. माझं कामही आहे तिकडे."

माधवराव मोठ्यानं हसले. "काका, जागा दोनच. जाताना तुम्हाला नेलं तर येताना बायकोला काय टपावर बसवू?"

सगळी बैठक हसली. मुनसफसाहेब म्हणाले, "ओव्हरसीअर, पोराला सोडा हो. गाडीवर तुमचाच जीव जडलाय." पुन्हा हशा. काका उठून गाडीपाशी गेले. तिथेही माणसं होतीच. हात लावून बघणारी, हॉर्न दाबणारी. दादासाहेब स्वतः शेजारी उभे होते, मुबारकबाद घेत. काकांनी दारावर हात ठेवला. त्यांचं तोंड उघडलेलं मला वरून दिसलं. मग ते एवढंच म्हणाले, "उतारावर जरा जपून."

हे तर आपण कुणालाही म्हणतो. सायकलवाल्याला म्हणतो, बैलगाडीवाल्याला म्हणतो.

"हाव, हाव," माधवराव म्हणाले आणि गेले.

लोह्याच्या पुढे एका नदीच्या फरशीपुलाकडे उतरणारा एक लांब उतार आहे. डाव्या हाताला खोल. तिथे गाडी डावीकडे गेली. पहाटे एका मालमोटारवाल्यानं बातमी आणली. माधवराव जागच्या जागी गेले होते.

त्या सकाळी काका ठरल्याप्रमाणे देशमुखांकडे गेले. आमचे वडील तिथेच होते. त्यांनी घरी येऊन आईला जे सांगितलं ते मी ऐकलं, म्हणून मला ठाऊक. काका दादासाहेबांसमोर बसले आणि नेहमी सांगत तसा ऐब सांगितला. उतारावर ब्रेक दोन-तीनदा दाबले की ते तापतात, आणि मग गाडी डावीकडे ओढते. पहिल्या दाबाला समजत नाही. ब्रेकच्या सळ्या नीट बसवून घ्यायला हव्या होत्या. चांगल्या मिस्त्रीचं अर्ध्या दिवसाचं काम.

दादासाहेबांनी विचारलं, "हे काल माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"बैठकीत कसं बोलणार होतो?"

दादासाहेबांनी मान हलवली. मग म्हणाले, "खरं आहे. बैठकीत कसं बोलणार."

वडील म्हणाले की त्यात टोमणा नव्हता. दादासाहेबांनी आवाज चढवला नाही, की काकांना घराबाहेर काढलं नाही. त्यांना ते मनापासून पटलं होतं. काकांच्या जागी तेही गप्प राहिले असते. काकांनी काठी खायची तयारी करून ठेवली होती, आणि त्यांना मिळाली ती संमती. त्यांनी कपाळाला हात लावला आणि उठून आले. वाटेत वडिलांना म्हणाले, "वकीलसाहेब, मी तिची एवढी तारीफ केली नसती, तर तो आजचा उद्या निघाला असता."

मी हळहळणारी बाई नाही. माझं आयुष्य मुलींच्या वसतिगृहात गेलं. तिथे हळहळत बसलं तर दोन वेळचं जेवण होत नाही. रिवाजालाही मी शिव्या देणार नाही. त्यानं आमच्याकडची निम्मी भांडणं वाचवली. पण अर्ध्या दिवसाचं काम होतं, हे मनातून जात नाही.

यानंतर रंगनाथकाका बदलले. ते आता ऐब आधी सांगायला लागले, तेही सगळ्यांदेखत, मोठ्यानं. सुरुवातीला माणसांनी समजून घेतलं. एका जागीरदारानं शौकाची नवी गाडी आणून त्यांना मुद्दाम बोलावलं. काका उतरले ते बैठकीत पाऊल ठेवायच्या आधीच म्हणाले, "मागचा आस वाकलाय. तुम्हाला कुणीतरी फसवलंय." जागीरदारसाहेबांचे व्याही समोर बसले होते. त्यानंतर काकांना कुणी बोलावलं नाही.

मोटारी संपल्या तशी बाकीच्या गोष्टींची पाळी आली. माझ्या मोठ्या बहिणीला बघायला आले तेव्हा काका शेजारी म्हणून बसले होते. चहा होतोय न होतोय, तोच म्हणाले, "मुलगा उत्तर द्यायच्या आधी आईकडे बघतो. लग्नानंतरही बघेल."

मुलाची आई ताडकन म्हणाली, "मग कुणाकडे बघावं? तुमच्याकडे?"

"बायकोकडे," काका म्हणाले.

ते लग्न मोडलं. पुढे त्या मुलाचा दुसरीकडे संसार झाला तो काकांनी सांगितल्यासारखाच, असं ऐकलं. पण माझ्या बहिणीला दुसरं स्थळ मिळेपर्यंत आईनं त्यांच्याकडे साखरही मागितली नाही. काकांचं अर्ध्याहून जास्त वेळा बरोबर असे. आणि बरोबर असलं तरी त्याचा उपयोग होत नसे, कारण माणसं दुखावून उठून गेलेली असत. काकू एकदा म्हणाल्या, "अहो, एवढं तोडून बोलता, ते कुणाला ऐकवता?" त्यावर ते सायकल पुसत बसले. तो रस्त्याचा खराब तुकडा मात्र त्यांनी त्याच वर्षी दुरुस्त करून टाकला. इतका गुळगुळीत, की खात्याकडून जादा खर्चाचा शेरा आला.

मग लढाई आली, पेट्रोल दिसेनासं झालं. त्यामागून रझाकारांची वर्षं आली. तेव्हा माणसं जीव घेऊन पळत होती, मोटारींची चैन कुणाला होती? निजामी गेली, जागिरी गेल्या. शौकाच्या मोटारी खोपटांत पडल्या. एकीत मी कोंबडी अंड्यांवर बसलेली पाहिली आहे. दादासाहेब गेले. काकूही गेल्या. मी लातूरला वसतिगृहावर रुजू झाले, आणि नांदेडचा संबंध दिवाळीपुरता उरला.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते नांदेड-लातूर एसटीत. ते लातूरला मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते. हातात पिशवी, अंगात तीच शेरवानी, आता ढगळ झालेली. मला ओळखलं, कसं चाललंय विचारलं, आणि पुढच्या बाकावर ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. लोहा गेल्यावर फरशीकडचा तो उतार जवळ आला, तसे ते उठून उभे राहिले.

"ड्रायव्हरसाहेब, थांबवा. ब्रेक ओढताहेत. डावीकडे."

ड्रायव्हरनं मागं न बघता म्हटलं, "कुटं वढून राहिले? बसा खाली, आजोबा."

"मला पायाला कळतंय. उतार आलाय. आधी बघून घ्या."

"गाडी मी चालवून राहिलो का तुमी? तुमच्या पायाला काय कळतंय?"

गाडीत हशा पिकला. कंडक्टर म्हणाला, "म्हातारबा, कालच डेपोतून दुरुस्त होऊन आलीय. काय बी न्हाई व्हत."

"मग मला उतरवा," काका म्हणाले. "आणि या बाईंनाही उतरवा." ती बाई मी.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्यापाशी वसतिगृहाच्या चादरींचे दोन गठ्ठे होते, आणि गाडीत मला काही खोट जाणवत नव्हती. मी म्हटलं, "काका, गाडी ठीक आहे. बसा."

ते बसले नाहीत. ड्रायव्हरनं वैतागून उताराच्या डोक्याशी गाडी उभी केली. काका उतरले. आम्ही उतार उतरलो, सरळ, काही न होता. ड्रायव्हर माणूस वाईट नव्हता. फरशीपाशी त्यानं गाडी थांबवून ठेवली. "येऊं द्या म्हाताऱ्याला. उन्हात कुटं सोडता?" उतारूंनी कुरकुर केली, मग खिडक्यांतून मागं बघत बसले. काका रस्त्याच्या उजव्या कडेनं, हळूहळू, पिशवी सांभाळत येत होते. मधे एका जागी थांबले, डावीकडच्या खोलात बघितलं. पुन्हा चालू लागले.

खाली आल्यावर ते ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ब्रेक उत्तम आहेत तुमचे. माझं चुकलं."

ड्रायव्हर विरघळला. "चालतंय की, आजोबा. म्हातारपणी व्हतं तसं. चढा आता."

"नाही. तुम्ही व्हा पुढं. मी मागच्या गाडीनं येतो."

"मागची गाडी दुपारनं हाय!"

"असू दे."

मी हाक मारली. त्यांनी हात वर केला, पण आले नाहीत. कंडक्टरनं घंटी मारली. फरशी ओलांडून पलीकडच्या चढाला लागलो तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. आमच्या गाडीकडे त्यांची पाठ होती. पिशवी दगडावर ठेवून ते त्या उताराकडे बघत उभे होते.